चकलीचे सरळव्याज, शंखाचे चक्रवाढ

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले म्हणजे हात आधी कशाकडे जातो, हे ज्याच्या त्याच्या दातांवर आणि वयावर अवलंबून असते. पण डोळ्यांना विचाराल तर त्या ताटात एकच आकार पुन्हा पुन्हा दिसतो. चकलीचे वेटोळे तर उघडच आहे. बाकरवडीचा काप पाहा; मसाल्याची काळसर रेघ फिरत फिरत थेट मध्यापर्यंत गेलेली दिसेल. अळूवडीचेही तेच. अंगणात मुले भुईचक्र पेटवतात, ती दारूने भरलेली कागदी नळी चकलीसारखीच गुंडाळलेली असते. आणि पूजेत शंख असेल, तर त्याच्याही टोकाशी वेढे पडलेले आहेतच.

गणितात ह्या आकाराला सर्पिल म्हणतात. एखादा बिंदू केंद्राभोवती फिरतो आहे आणि फिरता फिरता केंद्रापासून दूर दूर सरकतो आहे, की झाले सर्पिल तयार! (गोल जिन्यात किंवा स्क्रूच्या आट्यांत तो दूर न जाता वर चढतो. ते मळसूत्र, त्याची कथा निराळी.) मग चकली आणि शंख ही एकाच घराण्यातली भावंडे समजावयाची काय? वरवर पाहता होय. पण हातात पट्टी घेतली की कळते, ही घराणी दोन आहेत, आणि त्यांच्यातला फरक केवळ पुस्तकी नव्हे. तो न ओळखल्यामुळे एका थोर गणितज्ञाच्या स्मारकावर तीनशे वर्षे चूक कोरलेली राहिली आहे. आणि ह्याच कुळातल्या तिसऱ्या एका सर्पिलाच्या भरवशावर आपण आगगाडीत निश्चिंत झोप काढतो.

पट्टीची परीक्षा

चकली तुटू न देता तिच्या मध्यापासून कडेपर्यंत पट्टी धरा आणि लागोपाठच्या वेढ्यांमधले अंतर मोजा. हात बसलेल्या सुगरणीची चकली असेल, तर प्रत्येक अंतर जवळपास सारखे भरेल. दर फेऱ्याला तेवढीच भर. ना कमी, ना जास्त.

आता शंखवर्गातला नॉटिलस नावाचा सागरी प्राणी घ्या. त्याचे कवच मधोमध चिरलेले चित्र अनेक पुस्तकांत असते. त्याच्यावर पट्टी धरली तर निराळाच हिशेब लागतो. एका फेऱ्यात केंद्रापासूनचे अंतर सुमारे तिप्पट होते, पुढच्या फेऱ्यात त्याच्या तिप्पट. एकाचे तीन, तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस. इथे भर सारखी नाही, पट सारखी आहे.

हा फरक आपल्याला नवा नाही. दर साल दर शेकडा दहा टक्क्यांनी शंभर रुपये सरळव्याजाने ठेवले, तर पहिल्या वर्षी ११०, दुसऱ्या वर्षी १२०, तिसऱ्या वर्षी १३०. चक्रवाढीने ठेवले तर ११०, १२१, १३३. आरंभी दोन्ही रकमा गळ्यात गळे घालून चालतात. पण तीस वर्षांनी पाहावे, तर एकीकडे ४०० रुपये आणि दुसरीकडे १,७४५! चकली म्हणजे सरळव्याज, आणि शंख म्हणजे चक्रवाढ. व्याजाच्या ह्या प्रकाराला चक्रवाढ हे नाव ज्या कोणी दिले, त्याच्या डोळ्यांपुढे शंख होता की नाही देव जाणे. पण शब्द मात्र नेमका बसला आहे.

बाझेलच्या पाथरवटाची चूक

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरी याकोब बेर्नुली ह्या नावाचा गणितज्ञ होऊन गेला. ह्या एका घराण्याने गणिताला पिढ्यान्पिढ्या नामवंत पंडित दिले. त्यांतला हा वडीलधारा. चक्रवाढ व्याजाचा खोल विचार ह्यानेच १६८३ च्या सुमारास केला. त्याचा प्रश्न कोणाही सावकाराला सुचावा असाच होता. रुपयाला वर्षाला रुपया व्याज आहे. ते वर्षाअखेर एकदा जोडले तर शंभराचे दोनशे होतात. सहा-सहा महिन्यांनी जोडले तर २२५. दर महिन्याला जोडले तर सुमारे २६१, आणि रोज जोडले तर सुमारे २७१. मग क्षणाक्षणाला जोडत गेले तर रक्कम अमाप वाढेल काय? बेर्नुलीने दाखवले की नाही, तिला मर्यादा आहे. आज आपण ती मर्यादा २७१.८३ अशी सांगतो.

ह्याच माणसाला शंखाच्या सर्पिलाने वेड लावले. हा वक्र प्रथम गणिताच्या नजरेत आणला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्याने, १६३८ मध्ये. बेर्नुलीने त्याचे एकेक गुण उलगडून दाखवले आणि त्याला ‘अद्भुत सर्पिल’ असे नाव दिले. अद्भुत काय, तर हा वक्र दुप्पट मोठा करा, दहापट मोठा करा. तो मूळच्या वक्राहून वेगळा दिसतच नाही, फक्त थोडा फिरवल्यासारखा दिसतो. गणिती युक्तीने त्याच्यापासून दुसरा वक्र काढावा, तर पुष्कळदा पुन्हा हाच हजर! बेर्नुलीला ह्यात आत्म्याच्या पुनरुत्थानाची खूण दिसली. आपल्या समाधीवर हे सर्पिल कोरावे आणि त्यासोबत ‘बदलूनही मी तीच होऊन पुन्हा उभी राहते’ ह्या अर्थाचे लॅटिन वचन असावे, अशी त्याची इच्छा होती.

१७०५ साली बेर्नुली वारला. बाझेलच्या मोठ्या चर्चमध्ये त्याचा स्मारकशिलालेख बसवण्यात आला. वचन बरोबर कोरले गेले. पण त्याच्या संगतीला पाथरवटाने जे सर्पिल काढले, त्याचे वेढे सारख्या अंतरावर आहेत. म्हणजे ज्याने जन्मभर चक्रवाढीचा अभ्यास केला, त्याच्या डोक्याशी सरळव्याज कोरले गेले! शंखाच्या जागी चकली आली, आणि ती मोठी केली असता मुळीच ‘तीच’ राहत नाही. त्या पाथरवटाला दोष तरी काय द्यावा? वेटोळे काढा म्हटले की माणसाचा हात आपसूक सारखेच अंतर राखतो.

अर्किमिडीजपासून अगरबत्तीपर्यंत

पण ह्यावरून चकलीला कमी लेखू नये. तिचा पूर्वज थोर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिलीतल्या सिरॅक्यूज नगरात अर्किमिडीजने सर्पिलांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याची व्याख्या अशी: एक काटा केंद्राभोवती एकसारख्या वेगाने फिरतो आहे, आणि त्या काट्यावरून एक मुंगी एकसारख्या वेगाने बाहेर चालली आहे, तर तिचा मार्ग ते सर्पिल. (मुंगी आमची, काटा त्याचा.) पहिल्या फेऱ्यात हा मार्ग जेवढी जागा व्यापतो, ती त्याला वेढणाऱ्या वर्तुळाच्या बरोबर एक तृतीयांश असते, हेही त्याने सिद्ध केले. आधुनिक कलनशास्त्र जन्माला येण्याआधी सुमारे एकोणीसशे वर्षे!

जिथे समान पाऊल हवे, तिथे माणसाने हेच सर्पिल कामाला लावले आहे. १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्स ह्याने खिशातल्या घड्याळाच्या तोलचक्राला केसासारखी बारीक, वेटोळ्याची कमान बसवली आणि घड्याळे प्रथमच विश्वासाने वेळ सांगू लागली. चावीच्या मनगटी घड्याळात आजही ती टिकटिकते. ग्रामोफोनची तबकडी तर सर्वांच्या परिचयाची. तिच्यावर रेघा पुष्कळ दिसतात, पण खरे म्हणजे एका बाजूला रेघ एकच! मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी मोठी तबकडी बावीस मिनिटे वाजली, तर सुई सातशेहून अधिक फेरे घेते आणि साडेचारशे मीटरांहून जास्त वाट चालते. पुढे आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये हीच वाट मध्यापासून बाहेर जाते आणि तिची लांबी सुमारे पाच किलोमीटर भरते. पाच किलोमीटरांची वाट तळहाताएवढ्या जागेत! सर्पिलासारखा काटकसरी आकार दुसरा नाही.

ह्या काटकसरीची सर्वांत सुरस कथा जपानची. तिथल्या उएयामा एइइचिरो ह्या कारखानदाराने डास पळवणाऱ्या उदबत्त्या काढल्या. पण सरळ काडी पाऊण तासाच्या आत संपे. लांब करावी तर मोडे, जाड करावी तर धूर फार. १८९५ मध्ये त्याची पत्नी युकी हिने सुचवले की काडी सरळ कशाला, वेटोळे करा. वेटोळे घालून बसलेल्या सापावरून तिला ही कल्पना सुचली, असे सांगतात. अनेक प्रयोगांनंतर १९०२ मध्ये असे वेटोळे विक्रीला आले, आणि ते सहा-सात तास, म्हणजे माणसाची झोप पुरी होईपर्यंत, जळू लागले. शिवाय वेढ्यांमधले अंतर सारखे असल्यामुळे एका वेटोळ्याच्या पोकळीत दुसरे वेटोळे चपखल बसते. बाजारात ही जोडीने मिळतात, आणि ती सोडवताना हमखास एक मोडते, हा अनुभव घरोघरचा आहे.

घर वाढते, घडण बदलत नाही

मग समुद्रातल्या जीवाने हे सोपे सरळव्याज सोडून चक्रवाढ का धरले? त्याची अडचण समजून घ्या. खेकडा वाढू लागला की जुने कवच टाकून देतो आणि नवे अंगावर येईपर्यंत जीव मुठीत धरून लपून बसतो. शंखातल्या प्राण्याला कवच टाकता येत नाही. एकदा तयार झालेली भिंत ताणता येत नाही. नवी भर घालावयाची ती फक्त दाराशी. अशा घरात शरीराची घडण न बदलता वाढावयाचे, तर खोली मोठी व्हावी, पण तिचा आकार तोच राहावा. ह्याला एकच उपाय: जेवढे घर आहे त्याच्या प्रमाणात भर घालावयाची. हेच चक्रवाढ. डार्सी टॉम्प्सन ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढ आणि आकार ह्यांवरच्या आपल्या ग्रंथात शंख, शिंगे, नखे ह्यांचा असाच उलगडा केला. शिंपल्यातल्या प्राण्याला भूमिती येत नाही. तो फक्त प्रमाण सोडत नाही; भूमिती मागोमाग येते.

नॉटिलस तर आणखी पुढे जातो. तो वाढला की मागच्या जागेला पडदा घालून पुढच्या मोठ्या कप्प्यात राहतो. मागे असे तीसएक कप्पे साठतात. त्यांतले पाणी एका बारीक नळीतून शोषून घेऊन तिथे वायू भरला जातो आणि प्राणी पाण्यात तरंगत राहतो. जुनी घरे फुकट जात नाहीत. तीच पुढच्या घराला तोलून धरतात.

इथे एका लोकप्रिय समजुतीला मात्र हात लावावा लागेल. नॉटिलसचे कवच म्हणजे ‘सुवर्णप्रमाणाचे’ सर्पिल, असे छापलेले आपण वाचले असेल. त्या सर्पिलात अंतर पाव फेऱ्याला १.६१८ पट वाढले पाहिजे, म्हणजे पुऱ्या फेऱ्याला जवळजवळ सात पट. नॉटिलस वाढतो तिपटीने. सौदा सोन्याचा म्हणून सांगितला, तरी पट्टी धरली की हिशेब जुळत नाही.

उजवा कोण, डावा कोण?

सोन्याच्या सौद्यावरून आठवले. पूजेतल्या दक्षिणावर्ती शंखाला आपल्याकडे लक्ष्मीचे प्रतीक मानतात आणि तो फार दुर्मिळ असल्यामुळे त्याला किंमतही भारी पडते. गंमत अशी की आपण ज्याला उजवा म्हणतो, त्याला जीवशास्त्रज्ञ डावा म्हणतात! भांडण मुळीच नाही. शास्त्रज्ञ शंखाचे वेढ्यांचे टोक वर धरून तोंड कोणत्या बाजूला उघडते ते पाहतात. आपल्याकडे पाहण्याची रीत उलटी, निमुळती पन्हळ वर धरण्याची. वस्तू तीच, धरण्याची तऱ्हा निराळी.

खरा पूजेचा शंख हिंदी महासागरातला. मन्नारच्या आखातातले शंख तर पूर्वापार प्रसिद्ध. ह्या जातीत दक्षिणावर्ती शंख अत्यंत विरळा निपजतो. पण अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर ‘लायटनिंग व्हेल्क’ नावाची दुसरीच जात आहे, आणि तिच्यात ह्या दिशेचे वळण हाच नियम आहे. तिथे जे पैशाला पासरी, तेच इथे दुर्मिळ शंख म्हणून विकले जाते. ओळखण्याची एक खूण आहे. शंखाच्या तोंडातून आत पाहावे. खऱ्या पूजेच्या शंखात मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या आडव्या दिसतात. अमेरिकन पाहुण्याच्या खांबावर तशा ठळक वळ्या नसतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण पैसे मोजण्यापूर्वी आत डोकावण्यात काही पाप नाही.

दिव्याभोवतीचा पतंग

शंखाच्या सर्पिलाला आणखी एक खूण आहे. त्याच्यावर कुठेही उभे राहा. केंद्राची दिशा आणि आपली चालण्याची दिशा ह्यांतला कोन बदलत नाही. म्हणून जो कोणी एखाद्या वस्तूकडे नेहमी त्याच तिरक्या कोनातून पाहत चालेल, तो नकळत ह्याच सर्पिलावरून तिच्यापाशी पोहोचेल.

बहिरी ससाणा असेच करतो. त्याची सर्वांत तीक्ष्ण नजर नाकासमोर नसून बाजूला, सुमारे चाळीस अंशांवर असते. भक्ष्यावर नजर ठेवण्यासाठी मान वाकडी करावी तर वाऱ्याचा अडथळा होतो. म्हणून तो मान सरळ ठेवतो आणि वाकड्या वाटेने येतो, असे अमेरिकन संशोधक टकर ह्यांनी २००० साली दाखवून दिले. वाट लांबची, पण वेग राखणारी.

दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाचेही हेच स्पष्टीकरण वर्षानुवर्षे दिले जाई: तो चंद्र समजून दिव्याशी कोन राखतो आणि फसतो. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीघ्रगती कॅमेऱ्यांनी वेगळेच दाखवले. कीटक उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण निसर्गात उजेड वरून, आकाशातून येतो. दिवा बाजूला असला की ते पाठ त्याच्याकडे वळवतात आणि तिथेच घिरट्या घालत अडकतात. कवींचा पतंग प्रेमाने दिव्याकडे झेपावतो. कॅमेऱ्यातला पतंग बिचारा वर कुठे आणि खाली कुठे हेच विसरलेला असतो.

सूर्यफूल आणि छंदशास्त्र

सूर्यफुलाच्या बियांत दोन्ही दिशांनी फिरणारी वेटोळी दिसतात. ती मोजली तर एका बाजूला ३४ आणि दुसऱ्या बाजूला ५५, किंवा ५५ आणि ८९, असे आकडे बहुधा येतात. अननसाच्या डोळ्यांत ८, १३ आणि २१. हे आकडे कुठले?

ज्यांनी शाळेत लघु-गुरू मोजले आहेत, त्यांना हे कळावयास वेळ लागणार नाही. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? दोन गुरू, एक गुरू आणि दोन लघू, तीन तऱ्हांनी, किंवा चारही लघू. एकूण पाच. तीन मात्रांना तीन प्रकार, पाच मात्रांना आठ, सहांना तेरा. प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज. आपल्या छंदशास्त्रज्ञांना हे फार पूर्वी ठाऊक होते. गुजरातेतल्या आचार्य हेमचंद्रांनी सुमारे ११५० मध्ये हा नियम स्पष्ट मांडला. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, तो १२०२ मध्ये सशांच्या वीणीवरून मांडला आणि जगात नाव त्याचे झाले.

सूर्यफुलाला ना वृत्त माहीत, ना ससे. तिथे नवा अंकुर मध्याशी फुटतो तो आधीच्या अंकुराशी सुमारे १३७.५ अंशांचा कोन करून, म्हणजे जिथे मोकळी जागा जास्त तिथे. हा कोन बरोबर १३५ अंश असता, तर सगळे दाणे आठ सरळ ओळींत बसले असते आणि मधली जागा वाया गेली असती. १९९२ मध्ये दुआदी आणि कूदे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तेलावर चुंबकीय द्रवाचे थेंब एकामागून एक सोडले. एकमेकांना दूर सारता सारता त्या निर्जीव थेंबांनीही हीच वेटोळी मांडली! तरी निसर्ग पाठ म्हणून दाखवत नाही. इंग्लंडमध्ये लोकांनी मोजलेल्या ६५७ सूर्यफुलांचा अहवाल २०१६ मध्ये आला. बहुसंख्य फुलांनी नियम पाळला होता, काहींनी खुशाल मोडला होता.

आकाशातील आवर्त

आता थोडे वर पाहू. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस ह्यांनी आपल्या प्रचंड दुर्बिणीतून एका तेजोमेघाकडे पाहिले आणि त्यांना तो भोवऱ्यासारखा फिरलेला दिसला. अशा असंख्य सर्पिल दीर्घिका पुढे सापडल्या. आपली आकाशगंगाही त्यांतलीच. पण इथे एक कोडे होते. सूर्याला तिच्या केंद्राभोवती एक फेरा घालण्यास वीस-पंचवीस कोटी वर्षे लागतात, आणि आतल्या ताऱ्यांना कमी. मग ह्या बाहू केव्हाच घट्ट गुंडाळून का गेल्या नाहीत? लिन आणि शू ह्यांनी १९६४ मध्ये उत्तर सुचवले की बाहू म्हणजे ताऱ्यांची कायमची टोळी नव्हे, ती गर्दीची लाट आहे. अरुंद पुलापाशी वाहनांची दाटी दिवसभर दिसते, पण त्यातली वाहने सारखी बदलत असतात, तसेच हे.

विश्वाच्या बालपणी असे सुघड सर्पिल तयार होण्यास पुरेसा काळच मिळाला नसेल, असे पुष्कळांना वाटे. २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांतून एक सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असताना तिथून निघालेला प्रकाश आज आपल्याला दिसतो आहे. तिला त्यांनी नाव दिले अलकनंदा.

माणसाच्या मनातले वेटोळे

दुर्बिणी आणि गणित येण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस दगडावर वेटोळी कोरत आला आहे. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज ह्या सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीच्या समाधीत एकमेकांत गुंतलेली तीन सर्पिले आहेत. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण तिच्या गाभाऱ्यापर्यंत जातो. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर वळत वळत मध्याशी जाणारा वर्तुळाकार व्यूह कोरलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन साडेतीन वेढे घालून निजलेल्या सर्पिणीचे आहे.

ह्या खुणांचा अर्थ त्या त्या लोकांनी काय केला, हे आज छातीठोकपणे सांगणे कठीण. पण एक गोष्ट उघड आहे. सर्पिलाच्या वाटेवर माणूस पुन्हा पुन्हा त्याच दिशेला येतो, पण त्याच ठिकाणी कधीच येत नाही. ऋतू, जन्म, पिढ्या ह्यांचा अनुभव असाच नाही का?

आगगाडीचे वळण

शेवटी वळू या तिसऱ्या सर्पिलाकडे. त्याच्याशिवाय आपला प्रवास धोक्याचा होईल.

रूळ सरळ चालले आहेत आणि पुढे ३०० मीटर त्रिज्येचे वर्तुळाकार वळण आहे. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर. सरळ रूळ संपून वर्तुळ सुरू झाले, की त्याच क्षणी साठ किलो वजनाच्या प्रवाशावर सुमारे साडेपाच किलोंचा आडवा जोर येईल. हळूहळू नव्हे, एकदम. डोक्यावरच्या फळीवरची ट्रंक खाली येईल. त्याहून वाईट म्हणजे शेकडो टनांची गाडी बाहेरच्या रुळावर तसाच फटका मारील. कागदावर सरळ रेषा आणि वर्तुळ कितीही सफाईने जुळवली, तरी हा झटका चुकत नाही.

म्हणून त्या दोहोंच्या मध्ये एक वेगळा वक्र घालतात. आरंभी तो अगदी सरळ असतो. पुढे जितके अंतर जावे तितकी त्याची वक्रता वाढत जाते, आणि वर्तुळाशी पोहोचेपर्यंत ती वर्तुळाएवढी होते. तेवढ्याच अंतरात बाहेरचा रूळ हळूहळू उंच करत नेतात. आता आडवा जोर येतो तो पावलापावलाने. हा वक्र तसाच पुढे चालू ठेवला तर एक सुंदर सर्पिल होते. ऑयलर ह्या गणितज्ञाने त्याचा अभ्यास अठराव्या शतकात केला, आणि त्याचे मूळ होते वाकवलेल्या कमानीच्या एका प्रश्नात. तो प्रश्न १६९४ मध्ये कोणी मांडला होता? बाझेलच्या त्याच याकोब बेर्नुलीने!

रेल्वेच्या अभियंत्यांना हा वक्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने सापडला, कारण गाड्यांचे वेग वाढले आणि झटके जाणवू लागले. भारतीय रेल्वेत आखणीला सोपा असा त्याचाच एक जवळचा नातलग वक्र वापरतात. करमणुकीच्या बागांतल्या उलट्या होणाऱ्या गाड्यांनी हा धडा अंगावर घेऊन शिकला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये पूर्ण वर्तुळाचा फेरा असलेली गाडी आली, आणि प्रवाशांच्या माना दुखावल्याने ती बदनाम झाली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बागेत ह्या सर्पिलाच्या धर्तीवर थेंबासारखा फेरा बांधला गेला, तेव्हा असा प्रवास सुसह्य झाला.

पुढच्या वेळी बोरघाटातून जाताना खिडकीपाशी बसा. गाडी वळणाला लागली तो क्षण नेमका कोणता, हे सांगता येते का पाहा. तो सांगता आला नाही, तर रूळ टाकणाऱ्याने आपले काम चोख केले आहे असे समजावे.

तर अशी ही तीन सर्पिले. पहिले दर फेऱ्याला तेवढीच भर घालते. दुसरे असेल त्या प्रमाणात वाढते आणि म्हणून आपला आकार सोडत नाही. तिसरे बदल घडवते, पण झटका न देता. संसारालाही ह्या तिन्हींची गरज पडते. महिन्याचा खर्च पहिल्याने चालतो. मुलामाणसांनी वाढणारे घर दुसऱ्याच्या चालीने वाढले, तर घरपण टिकते. आणि सून घरात येताना, नोकरीतून निवृत्त होताना, गाव सोडताना तिसऱ्याची आठवण ठेवावी.

दिवाळी दर वर्षी त्याच तिथीला येते. दारातली पणती तीच, रांगोळी तीच. पण घर मागच्या वर्षीच्या ठिकाणी उभे नसते, एक वेढा पुढे आलेले असते. हा नवा वेढा आपणां सर्वांना प्रमाणशीर, भरदार आणि झटक्यावाचून जावो!